गिटमध्ये फाइल आणि फोल्डरच्या परवानग्या: काय नोंदले जाते, काय नाही आणि उरलेले कोणत्या क्रमाने लावावे

परवानगी बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ या आज्ञेने ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी केलेली फाइल ‘गिट पुल’ने नवे बदल आणल्यानंतर पुन्हा सगळ्यांना वाचता येऊ लागते, सहकाऱ्याने नव्याने क्लोन केल्यावर, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवल्यावर, अपलोडचे फोल्डरच सापडत नाही, किंवा विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणत अडून बसते. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. फाइल गिटसारख्या व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाकली की तिच्या परवानग्याही आपोआप नोंदल्या जातात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गिट प्रत्येक फाइलमागे परवानगीचा एकच बिट लक्षात ठेवते आणि फोल्डरमागे एकही नाही. बाकीच्या परवानग्या आपणच कोठे तरी लिहून ठेवाव्या लागतात आणि दर वेळी ठरावीक क्रमाने लावाव्या लागतात.

पुढील सर्व टप्प्यांसाठी लिनक्स सर्व्हरवर चालणारा एक साधा पीएचपी प्रकल्प डोळ्यांपुढे ठेवला आहे. त्यात प्रकल्प सर्व्हरवर चढवणारी (डिप्लॉय करणारी) ‘डिप्लॉय.एसएच’ ही स्क्रिप्ट, ‘कॉन्फिग.पीएचपी’ ही सेटिंगची फाइल आणि वापरकर्त्यांनी चढवलेली छायाचित्रे ठेवण्यासाठी ‘अपलोड्स’ हे फोल्डर आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनीच टाइप कराव्यात.

## पूर्वतयारी: गिटच्या नोंदवहीत नेमके काय असते

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘गिट एलएस-फाइल्स --स्टेज’ ही आज्ञा दिल्यास प्रत्येक फाइलच्या आधी सहा आकडी मोड दिसतो. साध्या फाइलसाठी तो १००६४४ किंवा १००७५५ यांपैकीच एक असतो. सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असेल तर १२०००० आणि सबमॉड्यूल (आत जोडलेला दुसरा गिट प्रकल्प) असेल तर १६०००० दिसतो. ‘गिट एलएस-ट्री हेड’ या आज्ञेत फोल्डरांसाठी ०४०००० दिसतो, आणि त्यातील शेवटची तीन शून्ये पाहिली की फोल्डरची परवानगी नोंदलीच जात नाही हे लक्षात येते.

परवानगीचे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांच्यासाठी असतात, आणि प्रत्येक आकडा वाचणे ४, लिहिणे २ व चालवणे (एक्झिक्यूट) १ यांची बेरीज असतो. येथे ६४४ हा आकडा पाहून बरेच जण फसतात. ती फाइलची खरी परवानगी नसते. ‘ही फाइल चालवण्याजोगी नाही’ एवढेच सांगणारे ते लेबल असते. गिट डिस्कवरच्या फाइलमध्ये फक्त मालकाचा एक्झिक्यूट बिट पाहते. तो असेल तर ७५५ लिहिते आणि नसेल तर ६४४. त्यामुळे डिस्कवर ६००, ६४०, ६६४ किंवा ६६६ यांपैकी काहीही असले तरी नोंद १००६४४ अशीच होते, तर ७००, ७५० आणि ७७७ या तिन्हींची नोंद १००७५५ होते. गटाला एक्झिक्यूटची परवानगी आहे पण मालकाला नाही, अशी ६५५ची विचित्र फाइलही ६४४ म्हणूनच जाते. मालकाचे नाव, गटाचे नाव, सेटयूआयडी, सेटजीआयडी व स्टिकी हे विशेष बिट, एसीएल (व्यक्ती किंवा गटानुसार वेगळ्या परवानग्यांची यादी) आणि एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचे लेबल यांपैकी काहीच रेपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या साठ्यात, जात नाही.

मग चेकआउट करताना, म्हणजे गिटमधून फाइली उतरवताना, डिस्कवर येणारा आकडा कोठून येतो? गिट साधी फाइल ६६६ मागून तयार करते, चालवण्याजोगी फाइल आणि फोल्डर ७७७ मागून, आणि त्यातून त्या क्षणी त्या प्रक्रियेला लागू असलेला यूमास्क, म्हणजे नव्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे सांगणारा आकडा, वजा होतो. यूमास्क ०२२ असल्यास ६४४ आणि ७५५ मिळतात, ००२ असल्यास ६६४ आणि ७७५, ०२७ असल्यास ६४० आणि ७५०, तर ०७७ असल्यास ६०० आणि ७००. म्हणजे एकाच कमिटमधून (गिटमध्ये नोंदवलेल्या एकाच स्थितीतून) दोन माणसांच्या मशीनवर वेगवेगळ्या परवानग्या येणे हे बिघाडाचे लक्षण नाही, ते ठरल्याप्रमाणेच घडते. वरच्या फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल लावलेला असेल तर मात्र यूमास्कऐवजी तो लागू होतो.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण सर्वांत जास्त वेळ तिच्यापायीच वाया जातो. पुल किंवा चेकआउटमध्ये एखाद्या फाइलचा मजकूर बदलणार असेल, तर गिट जुनी फाइल काढून टाकते आणि त्या जागी नवी फाइल तयार करते. जुन्या फाइलवर हाताने लावलेले ६०० त्या जुन्या फाइलबरोबरच जाते. ज्या फाइली त्या पुलमध्ये बदलल्या नाहीत त्यांना हातही लागत नाही. म्हणूनच हाताने लावलेली परवानगी कित्येक महिने टिकल्यासारखी वाटते आणि कोणी तरी त्या फाइलमध्ये एक ओळ बदलली की त्याच दिवशी उडते.

तपासणी: एका रिकाम्या चाचणी-रेपॉझिटरीत एक फाइल कमिट करावी. तिला ‘सीएचमॉड ६००’ लावून ‘गिट स्टेटस’ पाहिल्यास काहीही बदललेले दिसणार नाही. नंतर ‘सीएचमॉड ७००’ लावून ‘गिट डिफ’ पाहावा. आता फाइलच्या नावाच्या ओळीखाली ‘ओल्ड मोड १००६४४’ आणि ‘न्यू मोड १००७५५’ अशा दोनच ओळी दिसतील. हे पाच मिनिटांचे काम एकदा स्वतःच्या हाताने करावे, कारण पुढच्या सर्व टप्प्यांचा आधार हाच आहे.

## टप्पा १: कोणाला काय हवे याची यादी करणे

आज्ञा देण्यापूर्वी प्रकल्पातील गोष्टींचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात चालवण्याजोग्या फाइली येतात. त्यांची नोंद गिट ठेवू शकते. दुसऱ्या गटात ज्यांना नेहमीपेक्षा कडक किंवा सैल परवानगी लागते अशा फाइली आणि फोल्डर येतात, उदाहरणार्थ फक्त मालकाला आणि वेब सर्व्हरच्या गटाला वाचता यावी अशी ‘कॉन्फिग.पीएचपी’, किंवा वेब सर्व्हरला लिहिता यावे असे ‘अपलोड्स’. यांची नोंद गिट ठेवू शकत नाही. तिसऱ्या गटात उरलेले सर्व काही येते आणि त्याला यूमास्कने मिळणारी परवानगी पुरते.

दुसऱ्या गटातील प्रत्येक वस्तूसाठी मार्ग, मालक, गट आणि आकडा असे चार रकाने लिहावेत. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. इतर ठिकाणी नाव वेगळे असू शकते, म्हणून अंदाजाने न लिहिता चालू प्रक्रियेचा मालक पाहून लिहावे. ही यादी साधारणपणे दहा ओळींच्या आत संपते. ती चाळीस ओळींची होत असेल तर परवानग्यांपेक्षा प्रकल्पातील फोल्डरांची मांडणी सुधारण्याची गरज आहे, असे माझे मत आहे.

सावधान: पासवर्ड आणि की असलेली फाइल ६००च्या भरवशावर रेपॉझिटरीत ठेवू नये. डिस्कवरची परवानगी कितीही कडक असली तरी ज्याला क्लोन करता येते त्याला तो मजकूर वाचता येतो. अशा फाइलचा फक्त नमुना कमिट करावा आणि खरी फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, घालून सर्व्हरवर तयार करावी.

## टप्पा २: मशीन एक्झिक्यूट बिट पाळते की नाही ते पाहणे

गिट ‘इनिट’ किंवा ‘क्लोन’ करताना त्या डिस्कची फाइल-सिस्टिम एक्झिक्यूट बिट पाळते का, हे तपासते आणि उत्तर ‘कोअर.फाइलमोड’ या सेटिंगमध्ये लिहून ठेवते. ‘गिट कॉन्फिग कोअर.फाइलमोड’ या आज्ञेने ते पाहता येते. लिनक्स आणि मॅकवर ते सहसा ‘ट्रू’ असते, विंडोजवर ‘फॉल्स’. ते ‘फॉल्स’ असेल तर गिट डिस्कवरच्या बिटकडे पाहतच नाही: आधीपासून नोंद असलेल्या फाइलचा जुना मोड तसाच ठेवते आणि नवी फाइल नेहमी १००६४४ म्हणून घेते. विंडोजवर तयार केलेली ‘डिप्लॉय.एसएच’ सर्व्हरवर का चालत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

या सेटिंगचा गैरवापर उलट बाजूने जास्त होतो. लिनक्सवर कोणी तरी ‘सीएचमॉड -आर ७७७’ चालवतो, ‘गिट स्टेटस’मध्ये शेकडो फाइली बदललेल्या दिसू लागतात, आणि शोधल्यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘कोअर.फाइलमोड’ फॉल्स करण्याचा. त्याने यादी डोळ्यांआड होते, पण फाइली ७७७च राहतात आणि त्यानंतर त्या मशीनवर ‘सीएचमॉड’ने केलेला योग्य बदलही गिटला दिसत नाही. ही सेटिंग बदलावी ती फाइल-सिस्टिमच बिट पाळत नसेल तेव्हा.

असे नेमके घडते ते विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीत, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, सी ड्राइव्हवरील फोल्डरात काम करताना. तेथे सर्व फाइली ७७७ दिसतात आणि विंडोजकडून केलेला क्लोन लिनक्सकडून उघडला की मोडबाबत गोंधळ होतो. प्रकल्प लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरात क्लोन करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. ते जमण्यासारखे नसेल तर ‘डब्ल्यूएसएल.कॉन्फ’मध्ये ऑटोमाउंटच्या पर्यायांत ‘मेटाडेटा’ जोडता येतो, आणि त्यानंतर विंडोजच्या ड्राइव्हवरही परवानग्या टिकतात.

तपासणी: ‘यूमास्क’ ही आज्ञा आपल्या लॉगिन शेलमध्ये, डिप्लॉय करणाऱ्या वापरकर्त्याच्या शेलमध्ये आणि शक्य असल्यास क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेच्या) एखाद्या चाचणी-कामातून अशी तीन ठिकाणी चालवून पाहावी. तिन्हींची उत्तरे सारखी असतीलच असे नाही, आणि हाताने केलेले डिप्लॉय ठीक होते पण रात्रीचे आपोआप चालणारे बिघडते याचे कारण अनेकदा याच फरकात असते.

## टप्पा ३: एक्झिक्यूट बिट नोंदवणे

लिनक्स किंवा मॅकवर ‘सीएचमॉड +एक्स डिप्लॉय.एसएच’, मग ‘गिट ॲड’ आणि मग कमिट हा साधा क्रम पुरेसा आहे. विंडोजवर ‘सीएचमॉड’चा गिटवर काही परिणाम होत नाही, म्हणून तेथे नोंद थेट इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या गिटच्या यादीत, बदलावी लागते: ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स डिप्लॉय.एसएच’. फाइल नवी असेल तर ‘गिट ॲड --सीएचमॉड=+एक्स’ हा पर्याय एकाच आज्ञेत दोन्ही कामे करतो.

या दोन्ही आज्ञा फक्त इंडेक्समधील नोंद बदलतात. डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहते. त्यामुळे त्या लिनक्सवर वापरल्यास ‘गिट स्टेटस’ एकाच फाइलचे दोन बदल दाखवू लागते: इंडेक्समध्ये बिट चढवलेला, आणि डिस्कवर तो उतरवलेला. अशा स्थितीत सवयीने ‘गिट कमिट -ए’ केले की गिट डिस्कवरची स्थिती पुन्हा इंडेक्समध्ये घेते आणि नुकतीच केलेली नोंद पुसली जाते. बिट नोंदवला, कमिटही केले, तरी सर्व्हरवर काहीच बदल नाही, असे झाले तर प्रथम हेच तपासावे.

तपासणी: कमिट झाल्यावर ‘गिट शो --समरी’ पाहावे. तेथे ‘मोड चेंज १००६४४ => १००७५५’ ही ओळ आणि तिच्यापुढे आपल्या फाइलचे नाव दिसले पाहिजे. नव्या फाइलसाठी ‘क्रिएट मोड १००७५५’ असे दिसते.

बिट नीट नोंदलेला असूनही स्क्रिप्ट चालत नसेल तर संदेश काळजीपूर्वक वाचावा. ‘पर्मिशन डिनाइड’ आणि एक्झिट कोड १२६ असेल तर बिट नसण्याखेरीज ती डिस्क ‘नोएक्झेक’ (काहीही चालवू न देणाऱ्या) पर्यायाने माउंट झालेली असण्याचीही शक्यता असते. ‘बॅड इंटरप्रिटर’ असा संदेश असेल तर सहसा परवानगीचा संबंध नसतो. बहुतेक वेळा पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचे लाइन एंडिंग आलेले असते. तेथे कितीही वेळा ‘सीएचमॉड’ केले तरी उपयोग होत नाही.

## टप्पा ४: फोल्डरांची सोय करणे

गिट फोल्डर स्वतंत्रपणे नोंदवत नाही. आत एखादी नोंदलेली फाइल असेल तरच चेकआउटमध्ये ते फोल्डर तयार होते. ‘अपलोड्स’ रिकामे असेल तर ते क्लोनमध्ये येतच नाही. त्यात ‘गिटकीप’ नावाची रिकामी फाइल ठेवण्याचा प्रघात आहे. गिटला त्या नावाचा विशेष अर्थ नाही, कोणतीही फाइल चालते. पण त्याने फोल्डर येते, त्याची परवानगी येत नाही, आणि वेब सर्व्हरला लिहिता येईल असा गटही येत नाही. म्हणून चालू कामात भरत जाणारी फोल्डरे रेपॉझिटरीत अजिबात न ठेवता पुढच्या टप्प्यातील स्क्रिप्टनेच तयार करावीत, हे मला अधिक स्वच्छ वाटते.

प्रकल्पातील सर्व फाइलींचा गट वेब सर्व्हरचा असावा असे हवे असेल तर क्लोन करण्यापूर्वीच मूळ फोल्डरचा गट बदलून त्यावर सेटजीआयडी बिट चढवावा. लिनक्सवर त्या फोल्डरात नव्याने तयार होणाऱ्या फाइली आणि फोल्डर तो गट घेतात, आणि नवी फोल्डरे सेटजीआयडी बिटही घेतात. हा बिट गिटने नोंदलेला नसतो, पण पुलमध्ये नव्या फाइली येतात तेव्हा कर्नल स्वतःच गट जपतो. आधी क्लोन आणि मग सेटजीआयडी असा उलटा क्रम केल्यास आतली जुनी फोल्डरे बिटाविना राहतात आणि त्यांना तो एकेक करून लावावा लागतो.

सावधान: ‘कोअर.शेअर्डरिपॉझिटरी’ ही सेटिंग पाहून अनेकांना वाटते की प्रकल्पातील फाइली आता गटाला लिहिता येतील. ती सेटिंग फक्त ‘डॉट-गिट’ फोल्डरातील वस्तूंना लागू होते, अनेक जण एकाच रेपॉझिटरीत पुश करतात तेव्हा. कामाच्या फाइलींवर तिचा परिणाम नाही.

## टप्पा ५: परवानग्यांची स्क्रिप्ट लिहिणे

पहिल्या टप्प्यातील यादी आता ‘परवानग्या.एसएच’ अशा नावाच्या छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये उतरवावी आणि ती प्रकल्पाबरोबर कमिट करावी, म्हणजे परवानगी का बदलली याचा इतिहासही कमिटमध्ये राहतो. स्क्रिप्टमधील क्रम असा ठेवावा.

१. जी फोल्डरे नसतील ती तयार करावीत. ‘इन्स्टॉल -डी -एम २७७० अपलोड्स’ ही एकच आज्ञा फोल्डर तयार करते आणि त्याला परवानगीही लावते. ते आधीच असेल तरीही ती बिनतक्रार चालते.

२. मालक आणि गट बदलावा.

३. त्यानंतरच आकडा लावावा. मालक आणि गट बदलणारी ‘चाउन’ ही आज्ञा दिल्यावर सेटयूआयडी आणि सेटजीआयडी हे बिट उतरू शकतात, म्हणून ‘सीएचमॉड’ नेहमी ‘चाउन’च्या नंतर यावा. हा क्रम उलटा झालेल्या स्क्रिप्ट बऱ्याच दिसतात आणि पहिल्या नजरेला त्यांत काहीच चुकलेले वाटत नाही.

४. संपूर्ण झाडावर एकसारखी परवानगी लावायचीच असेल तर फाइलींना आणि फोल्डरांना वेगवेगळी लावावी. ‘सीएचमॉड -आर ६४४’ने फोल्डरांचा एक्झिक्यूट बिट जातो आणि त्यांच्या आत शिरताच येत नाही. मोठ्या अक्षरातील ‘एक्स’ हा पर्याय फोल्डरांना आणि आधीच कोणाला तरी एक्झिक्यूट असलेल्या फाइलींनाच बिट देतो, म्हणून ‘यू=आरडब्ल्यूएक्स, जी=आरएक्स, ओ=’ असे लिहिताना तो मोठ्या अक्षरात लिहावा आणि पर्यायांच्या मधे रिकामी जागा ठेवू नये.

स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी तोच परिणाम झाला पाहिजे. ‘डॉट-गिट’ फोल्डर तिच्यातून वगळावे, कारण त्यातील हुकांचा (ठरावीक प्रसंगी गिट आपोआप चालवते त्या स्क्रिप्टचा) एक्झिक्यूट बिट गेला तर ते चालत नाहीत, आणि आतील ऑब्जेक्ट, म्हणजे साठवलेल्या नोंदींच्या फाइली, गिटने मुद्दाम फक्त-वाचनीय ठेवलेले असतात.

सर्व्हरच्या सेटिंगचे संपूर्ण ‘इटीसी’ फोल्डर व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवायचे असेल तर मात्र अशी हाताने लिहिलेली यादी पुरत नाही. त्यासाठी ‘इटीसीकीपर’ हे साधन आहे. ते प्रत्येक कमिटपूर्वी मालक, परवानग्या आणि रिकामी फोल्डरे एका मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवते आणि ती फाइलही कमिट करते.

## टप्पा ६: सर्व्हरवर चालवण्याचा क्रम

डिप्लॉयच्या वेळी पुढील क्रम मोडू नये.

१. ‘डिप्लॉय.एसएच’च्या पहिल्याच ओळींत ‘यूमास्क ०२७’ लिहावे. लॉगिन शेलच्या यूमास्कवर विसंबू नये. पुल आणि परवानग्यांची स्क्रिप्ट यांच्या मधल्या काही क्षणांत फाइली यूमास्कच्या परवानगीने उघड्या असतात. यूमास्क आधीच कडक असेल तर ती फट राहत नाही. नंतर सैल करणे सुरक्षित असते, नंतर कडक करणे तेवढे नसते.

२. पुल नेहमी एकाच ठरलेल्या वापरकर्त्याने करावा. ‘सुडो गिट पुल’, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने केलेला पुल, एकदा जरी झाले तरी त्या वेळी आलेल्या फाइली आणि ‘डॉट-गिट’मधील नवे ऑब्जेक्ट रूटच्या मालकीचे होतात, आणि पुढच्या वेळी नेहमीच्या वापरकर्त्याला ‘इनसफिशंट पर्मिशन फॉर ॲडिंग ॲन ऑब्जेक्ट’ असा संदेश मिळतो. त्यावर पुन्हा सुडो वापरणे म्हणजे दुखणे वाढवणे. संपूर्ण रेपॉझिटरीची मालकी एकदा ‘चाउन -आर’ने सरळ करावी आणि नंतर परवानग्यांची स्क्रिप्ट चालवावी.

३. परवानग्यांची स्क्रिप्ट चालवावी. मालक बदलण्यासाठी तिला रूटचे अधिकार लागत असतील तर सुडो फक्त याच पायरीला द्यावा.

४. शेवटी सेवा रीलोड करावी.

२०२२मधील २.३५.२ या आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपॉझिटरीत काम करण्यास नकार देते आणि आता ‘डुबियस ओनरशिप’ असा संदेश दाखवते. संदेशातच ‘सेफ.डिरेक्टरी’ जोडण्याची आज्ञा दिलेली असल्यामुळे ती तशीच चिकटवण्याचा मोह होतो. आधी मालकी अशी का आहे ते पाहावे. ती चुकून बदललेली असेल तर मालकीच दुरुस्त करावी. तेथे तारांकन देऊन सगळीच फोल्डरे सुरक्षित ठरवणे म्हणजे ती तपासणी बंद करणे होय.

तिसरी पायरी हुकमध्ये का घालू नये, असे विचारले जाते. घालता येते, पण हुक क्लोनबरोबर येत नाहीत, स्वतःला एक्झिक्यूट बिट नसेल तर चालत नाहीत, आणि प्रत्येक वाटेने आलेला बदल त्यांच्या हाती लागत नाही. ‘पोस्ट-मर्ज’ हुक रीबेसने केलेल्या पुलनंतर चालत नाही आणि ‘गिट रीसेट --हार्ड’नंतर ‘पोस्ट-चेकआउट’ही चालत नाही. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये उघडपणे लिहिलेली एक ओळ यापेक्षा भरवशाची असते.

क्लोनऐवजी ‘गिट आर्काइव्ह’ने टार फाइल, म्हणजे सर्व फाइलींचे एकच गाठोडे, बनवून पाठवत असाल तर ‘टार.यूमास्क’ ही सेटिंग ठरवते की टारमध्ये काय लिहिले जाईल. तिचे मूळ मूल्य ०००२ आहे, म्हणून फाइली ६६४ आणि फोल्डर ७७५ म्हणून बांधले जातात. सामान्य वापरकर्त्याने टार उघडल्यास त्याचा यूमास्क लागू होतो, रूटने उघडल्यास मात्र हेच आकडे जसेच्या तसे उतरतात.

तपासणी: चालू सर्व्हरवर ‘फाइंड’च्या ‘प्रिंटएफ’ पर्यायाने प्रत्येक वस्तूचा आकडा, मालक, गट आणि मार्ग छापून, क्रम लावून एका फाइलमध्ये घ्यावा. मग कोऱ्या चाचणी-मशीनवर मुद्दाम वेगळा यूमास्क ठेवून क्लोन करावे, वरचा क्रम चालवावा आणि तशीच यादी काढावी. दोन याद्यांचा ‘डिफ’ घेतल्यावर जी ओळ वेगळी दिसेल ती परवानगी स्क्रिप्टमध्ये नाही: ती एक तर नुसत्या यूमास्कवर अवलंबून आहे, किंवा कोणी तरी सर्व्हरवर हाताने लावलेली आहे आणि स्क्रिप्टमध्ये यायची राहिली आहे.

## बिघडलेल्या परवानग्या दुरुस्त करणे

सर्वांवर ७७७ लावून झालेले असेल तर प्रथम काहीही कमिट करू नये. ‘कोअर.फाइलमोड’ ट्रू असल्याची खात्री करून ‘गिट डिफ --समरी’ने कोणत्या फाइलींचा मोड बदलला ते पाहावे. मजकुरात कोणताच बदल नसेल तर ‘गिट रीस्टोर .’ने त्या फाइली नव्याने तयार होतात आणि त्यांची परवानगी यूमास्कप्रमाणे येते.

मजकुरातही न कमिट केलेले बदल असतील तर ही आज्ञा ते पुसून टाकेल. अशा वेळी ‘कोअर.फाइलमोड’ तात्पुरते फॉल्स करावे, मजकुराचे बदल ॲड करून कमिट करावेत, सेटिंग पुन्हा ट्रू करावी आणि मग रीस्टोर करावे. मधल्या काळात ॲड केलेल्या नव्या स्क्रिप्टना ‘--सीएचमॉड=+एक्स’ वेगळे द्यावे लागेल.

येथपर्यंत येऊन ‘गिट स्टेटस’ स्वच्छ दिसले की बहुतेक जण थांबतात, आणि तेथेच चूक होते. ज्या स्क्रिप्ट आधी ७५५ होत्या त्या ७७७ झाल्या, पण गिटच्या दृष्टीने दोन्ही १००७५५च असल्यामुळे त्या कधी यादीत आल्याच नाहीत आणि रीस्टोरनेही बदलल्या नाहीत. सर्व फोल्डरही अजून ७७७च आहेत. म्हणून रीस्टोरनंतर ‘सीएचमॉड -आर जीओ-डब्ल्यू .’ चालवून गट आणि इतरांचा लिहिण्याचा हक्क काढावा, आणि लगेच परवानग्यांची स्क्रिप्ट चालवावी, म्हणजे ‘अपलोड्स’ला लागणारा हक्क परत येईल. मोठ्या ‘एक्स’चा पर्याय या दुरुस्तीत कामाचा नाही, कारण ७७७ झालेल्या प्रत्येक फाइलवर एक्झिक्यूट बिट आधीच चढलेला असतो.

मोडचे बदल कमिट होऊन इतरांपर्यंत गेले असतील आणि त्या कमिटमध्ये दुसरे काही नसेल तर ‘गिट रिव्हर्ट’ पुरते. मजकुराबरोबर मिसळले असतील तर त्या फाइलींवर ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=-एक्स’ चालवून, डिस्कवरही तसेच करून, वेगळे कमिट करावे.

## गिट नसेल तर

सबव्हर्जन (एसव्हीएन) हे दुसरे व्हर्जन कंट्रोल साधन फोल्डरांची नोंद ठेवते, रिकाम्यांचीसुद्धा, पण त्यांच्या परवानग्यांची नाही. फाइलसाठी ‘एसव्हीएन:एक्झिक्यूटेबल’ ही प्रॉपर्टी असते आणि ‘एसव्हीएन प्रॉपसेट’ने ती लावावी लागते. युनिक्सवर ‘एसव्हीएन ॲड’ करताना बिट असेल तर ती आपोआप लागते. त्यानंतर केलेला ‘सीएचमॉड’ मात्र ‘एसव्हीएन स्टेटस’मध्ये दिसत नाही, त्यामुळे गिटच्या सवयीने काम करणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते. प्रॉपर्टीला कोणतेही मूल्य दिले तरी ती ‘लागू’च मानली जाते, म्हणून बिट काढण्यासाठी मूल्य ‘ऑफ’ न लिहिता ‘प्रॉपडेल’ करावे.

मर्क्युरिअल गिटसारखेच एक्झिक्यूट आणि सिम्बॉलिक लिंक एवढेच दोन फ्लॅग ठेवते. फक्त साध्या ‘एचजी डिफ’मध्ये मोडचा बदल दिसत नाही, तो पाहण्यासाठी ‘--गिट’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि पॅच पाठवतानाही तो दिला नाही तर बिट वाटेतच हरवतो.

सीव्हीएस अजून कोठे चालू असेल तर तेथे बिट सर्व्हरवरच्या इतिहास-फाइलच्या परवानगीतून येतो आणि फाइल पहिल्यांदा नोंदवतानाच ठरतो. नंतर तो बदलायचा तर रेपॉझिटरीतील त्या ‘स्वल्पविराम-व्ही’ फाइललाच ‘सीएचमॉड’ करावे लागते, आणि त्या बदलाला इतिहास नसतो. परफोर्समध्ये हेच काम फाइलच्या प्रकाराला जोडलेल्या ‘+एक्स’ने होते. तेथे सिंक केलेल्या फाइली ‘पी४ एडिट’ करेपर्यंत फक्त-वाचनीय असतात, म्हणून त्यांवर दिसणारे ४४४ हे बिघाडाचे चिन्ह समजून ‘सीएचमॉड’ने बदलू नये, तसे केल्यास फाइल उघडल्याची नोंद सर्व्हरकडे होत नाही.